ऑलिव्हएवढी भाकरी

मुलांनो, चौथीच्या वर्गात मी ‘धारकता’ हा पाठ शिकवत होते. फळ्यावर लिटर, मिलिलिटर लिहून झालं. मग म्हटलं, जुनी मापंही सांगावीत. शेर सांगितला, अधोली सांगितली, पायली सांगितली. मुलांना गंमत वाटली. एक मुलगी म्हणाली, “बाई, आमची आजी मूठ मापते. माणशी एक मूठ तांदूळ आणि वर एक मूठ पातेल्याची.” सगळा वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, कोणाची मूठ?”

प्रश्न साधा, पण मला त्याचं उत्तर चटकन देता येईना. आजीची मूठ वेगळी, नातीची वेगळी. आजोबांची तर आणखीच वेगळी. मग एक मूठ म्हणजे नक्की किती?

घरी आल्यावर आठवलं, की हाच प्रश्न जगातल्या एका फार जुन्या समाजाला पडला होता आणि त्याचं उत्तर ते जवळजवळ दोन हजार वर्षं शोधत आहेत. तो समाज म्हणजे ज्यू, आपण ज्यांना यहुदी म्हणतो ते लोक. त्यांचा प्रश्न मुठीचा नव्हता, ऑलिव्हचा होता. आज त्याचीच गोष्ट सांगते.

यहुद्यांचा एक मोठा सण असतो, पेसाह. मराठीत त्याला वल्हांडण म्हणतात. बहुतेक वेळा आपल्या चैत्र पौर्णिमेच्या सुमारास तो येतो. त्यांचे पूर्वज मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम होते आणि तिथून त्यांची सुटका झाली, तिची ही आठवण. कथा अशी, की निघायची वेळ एवढी अचानक आली की मळलेली कणीक आंबायलाही सवड मिळाली नाही. तसाच गोळा उचलला, तशाच भाकऱ्या भाजल्या आणि वाट धरली. म्हणून या सणात आंबवलेली भाकरी, पाव वगैरे काहीही खायचं नाही. इस्राएलमध्ये हे सात दिवस चालतं, बाहेरच्या देशांत आठ.

मग खायचं काय? मत्सा. मत्सा म्हणजे बेखमीर भाकरी, खमीर नसलेली. करायला सोपी वाटते, पण नियम कडक आहेत. पीठ गहू, जव अशा पाच ठरावीक धान्यांपैकीच एकाचं हवं. त्यात फक्त पाणी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत मळून, लाटून, भाजून झालं पाहिजे. जास्त वेळ गेला तर कणीक आंबायला लागली असं धरतात.

तांदळाची भाकरी चालेल का, असं कोकणातली मुलं नक्की विचारतील. चालत नाही! जुन्या ग्रंथकारांचं म्हणणं असं, की मत्सा त्याच धान्याची करायची जे आंबू शकतं. तांदूळ त्यांच्या मते आंबत नाही, नासतो. जे आंबूच शकत नाही ते आंबू दिलं नाही, यात विशेष काय? आहे की नाही पक्का युक्तिवाद! (आपल्या इडलीवाल्यांचं मत निराळं पडेल, पण ते असो.)

आता मुख्य प्रश्न. सणाच्या पहिल्या रात्री मत्सा खाणं हे कर्तव्यच आहे. पुढचे दिवस मनाला येईल तर खा, न खाल्ली तरी चालेल, फक्त आंबवलेलं खायचं नाही. पण पहिल्या रात्री खायलाच हवी. मग किती खाल्ली म्हणजे ‘खाल्ली’ असं म्हणायचं? जिभेला कण लावला तर चालेल? की पोटभर हवी?

जुन्या पंडितांनी उत्तर दिलं, निदान एका ऑलिव्हएवढी. हिब्रू भाषेत ऑलिव्हला ‘झाइत’ म्हणतात, म्हणून या मापाचं नाव ‘कझाइत’, म्हणजे ऑलिव्हएवढं. त्याहून कमी ते नुसतं चाखणं, तेवढं झालं की ते खाणं.

बघा, किती सोयीचं माप आहे. तराजू नको, वजनं नकोत. हजारेक वर्षांपूर्वी बाबिलोनमधल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या पंडितांनी याचं कारणही सांगून ठेवलं आहे. गावोगावची वजनं आणि नाणी वेगवेगळी असतात, राजा बदलला की तीही बदलतात. पण अंडी आणि फळं सगळीकडे मिळतात. म्हणून माप फळांत सांगितलं. गरीब असो, श्रीमंत असो, शहरातला असो की रानातला, प्रत्येकाला ते घरच्या घरी समजावं.

पण आमच्या मागच्या बाकावरचा मुलगा तिथेही असणारच! तो विचारतो, “कुठलं ऑलिव्ह? मोठं की लहान?”

खरोखरच हा प्रश्न विचारला गेला. इसवी सन २०० च्या सुमारास ‘मिश्ना’ नावाचा त्यांचा नियमांचा ग्रंथ तयार झाला. त्यात म्हटलं आहे, की ऑलिव्ह फार मोठं नको, फार लहान नको, मध्यम हवं. अंड्याचंही तसंच, मध्यम. मग मध्यम कसं शोधायचं? राब्बी यहुदा नावाच्या पंडितांनी युक्ती सांगितली. (राब्बी म्हणजे यहुद्यांचे धर्मगुरू, शिक्षकच म्हणा ना.) सगळ्यांत मोठं अंडं आणा आणि सगळ्यांत लहान अंडं आणा. दोन्ही पाण्यात टाका. जेवढं पाणी सरकेल त्याचे दोन भाग करा. एक भाग म्हणजे मध्यम अंडं.

अरे, ही तर सरासरी झाली! समजा मोठ्या अंड्यानं ६४ मिलिलिटर पाणी सांडलं आणि लहान अंड्यानं ४४. बेरीज १०८, भागिले दोन, म्हणजे ५४. पाचवी-सहावीत आपण जे गणित करतो तेच.

पण थांबा. शेजारीच बसलेले दुसरे पंडित, राब्बी योसे, त्यांनी हात वर केला. म्हणाले, सगळ्यांत मोठं अंडं हेच, हे मला कोण सांगणार? जगातली सगळी अंडी कोणी पाहिली आहेत? शेवटी बघणाऱ्याच्या अंदाजावरच ठरणार.

मला या ग्रंथातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी दोन्ही मतं लिहून ठेवली. एकाचं खोडून दुसऱ्याचं ठेवलं असं केलं नाही. वर्गात हुशार मुलाचं उत्तर फळ्यावर लिहावं आणि त्याला शंका काढणाऱ्याची शंकाही शेजारीच लिहावी, तसं.

पुढे काय झालं, तर यहुदी लोक देशोदेशी पांगले. काही जर्मनीत गेले, काही उत्तर फ्रान्समध्ये. तिथे कडाक्याची थंडी, ऑलिव्हची झाडं नाहीत. ज्यांनी ऑलिव्ह झाडाला लागलेलं पाहिलंच नाही, त्यांनी ‘ऑलिव्हएवढं’ कसं मोजायचं? आपल्याला कोणी ‘करवंदाएवढं’ म्हटलं तर लगेच कळतं, पण करवंद न पाहिलेल्या मुलाला काय कळणार?

मग ते पंडित पुस्तकं धुंडाळू लागले. त्यांना दोन वाक्यं सापडली. एका ठिकाणी लिहिलं होतं, की माणसाच्या घशात एका वेळी अंड्याएवढाच घास मावतो. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, की घशात दोन ऑलिव्ह मावतात. झालं! दोन ऑलिव्ह बरोबर एक अंडं, म्हणून एक ऑलिव्ह बरोबर अर्धं अंडं. बीजगणितच की हे. तर्क बिनचूक, पण ऑलिव्ह मात्र चांगलंच फुगलं! कारण खरं ऑलिव्ह अर्ध्या अंड्याएवढं नसतं. साधारण तीन ते पाच मिलिलिटर पाण्याची जागा घेतं, आणि अर्धं अंडं पंचवीसच्या पुढे जातं. दुसरे मोठे पंडित मैमोनिदीस इजिप्तमध्ये राहत होते. त्यांच्या लिखाणावरून हिशेब केला तर ऑलिव्ह अंड्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान ठरतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. अठराव्या शतकात प्राग शहरात एक विद्वान राब्बी होते, यहेज्केल लांडाऊ (१७१३ ते १७९३). ते नुसते वाचणारे नव्हते, करून बघणारे होते. जुन्या ग्रंथात एका मापाचे दोन हिशेब दिले होते. एक हिशेब अंड्यांत, दीड अंडं. दुसरा बोटांत, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीत. दोन अंगठे लांब, दोन अंगठे रुंद आणि पावणेतीनला थोडी कमी, म्हणजे २.७ अंगठे खोल असा खोका. दोन्ही मापं सारखीच यायला हवीत. त्यांनी प्रत्यक्ष मोजलं, तर अंगठ्याचं माप अंड्याच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट आलं!

आता काय समजायचं? एक तर माणसांचे अंगठे पूर्वीपेक्षा मोठे झाले, नाहीतर कोंबडीची अंडी लहान झाली. माणसं मोठी होत चालली हे त्यांना पटेना. मग त्यांनी ठरवलं, अंडीच निम्मी झाली. म्हणजे पूर्वीचं अर्धं अंडं बरोबर आजचं अख्खं अंडं. ऑलिव्ह आणखी दुप्पट फुगलं!

तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, “बाई, कदाचित त्यांचाच अंगठा जाड असेल!” शाब्बास. अंगठ्यानं मापलं की किती घोळ होतो, तो हिशेब आपणच करू.

खोका २ गुणिले २ गुणिले २.७, म्हणजे १०.८ घन अंगठे. अंगठा २ सेंटिमीटर रुंद धरला, तर एक घन अंगठा ८ घन सेंटिमीटर. ८ गुणिले १०.८ बरोबर ८६.४. आता अंगठा २.४ सेंटिमीटर धरा. एक घन अंगठा १३.८२४ घन सेंटिमीटर, आणि खोका १४९ च्या वर जातो. अंगठ्यात फरक फक्त ४ मिलिमीटरचा, पण खोका जवळपास पावणेदोनपट!

विसाव्या शतकात हीच दोन मतं समोरासमोर आली. जेरुसलेमचे राब्बी अवराहम हाइम नाए यांनी ८६ धरलं. बनेई ब्राक गावचे राब्बी कारेलिट्स, ज्यांना ‘हाझोन ईश’ म्हणत, त्यांनी १५० धरलं. म्हणून पहिल्यांच्या हिशेबानं कझाइत सुमारे २७ घन सेंटिमीटर आणि दुसऱ्यांच्या हिशेबानं सुमारे ५०. आणि झाडावरचं ऑलिव्ह? ते बिचारं तिथेच, तीन ते पाच! उत्खननात सापडलेल्या प्राचीन ऑलिव्हच्या बियाही आजच्यासारख्याच आहेत, त्यामुळे ‘ऑलिव्ह पूर्वी मोठं होतं’ असंही म्हणता येत नाही.

मग सणाच्या रात्री माणसानं करायचं काय? इथे त्यांचा एक नियम कामी येतो. जी आज्ञा मूळ धर्मग्रंथातली आहे, तिच्यात शंका असेल तर कडक बाजू घ्यायची. जी पुढच्या पंडितांनी घातली, तिच्यात शंका असेल तर सैल बाजू घेतली तरी चालते. पहिली मत्सा ही मूळ आज्ञा, म्हणून पुष्कळ लोक तिच्यासाठी मोठं माप धरतात. त्यानंतर कडू पाल्याबरोबर मत्साचा एक घास खातात, जेवणाच्या शेवटी ‘अफिकोमन’ नावाचा तुकडा खातात. तिथे लहान माप चालून जातं. सगळे मिळून कोणी तीन कझाइत खातो, कोणी पाच. कर्तव्याचं नेमकं किमान मात्र एकच. चौकोनी, यंत्रावर केलेल्या मत्साचा अर्धा-पाऊण तुकडा, असं कोणी सांगतं, कोणी अख्खी सांगतं. शिवाय ती रेंगाळत खायची नाही. साधारण चार मिनिटांत संपवावी, असं बरेच जण म्हणतात. फुगलेल्या मत्सात मोठी पोकळी असेल तर ती मोजायची नाही. हवा खाल्ली तर ती भाकरी कशी?

आणि अफिकोमनची तर मुलांना फारच मजा. बऱ्याच घरांत तो तुकडा लपवतात. मुलांनी शोधायचा, आणि बक्षीस घेतल्याशिवाय द्यायचा नाही!

हे सगळं दूरदेशीचं वाटतंय ना? पण आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेलच्या आसपासच्या गावांत शेकडो वर्षं यहुदी राहत आले. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घरची भाषा मराठी, आडनावं गावांवरून, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी. तेल ते काढायचे, पण तिळाचं आणि नारळाचं. ऑलिव्ह कोकणात कुठलं? १८७४ साली पुण्यात त्यांची सणाच्या रात्री वाचायची पोथी, ‘हग्गादा’, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका मत्सा करताना दिसतात. मला ते चित्र आठवलं की वाटतं, पोळी लाटणाऱ्या त्या मावशीनं ‘ऑलिव्हएवढी’ची चिंता किती केली असेल? तिनं घरातल्या प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला असेल आणि म्हटलं असेल, “खा रे, संपव.”

मुलांनो, आता थोडं गंभीर व्हायचं आहे.

एवढी कडक मापं पाहून तुम्हाला वाटेल, ज्याला हे झेपत नाही त्याचं काय? दात नसलेली आजी? तिच्यासाठी मत्सा पाण्यात भिजवून देता येते, फक्त विरघळू द्यायची नाही. जो आजारी आहे आणि खाल्ल्यानं ज्याच्या जिवाला धोका आहे, त्यानं खायची नाही. त्याच्यावर ते कर्तव्यच राहत नाही. उलट किळस येईपर्यंत कोंबलेलं अन्न ‘खाणं’ म्हणून धरतच नाहीत.

याची सर्वांत मोठी परीक्षा १९४४ साली झाली. दुसरं महायुद्ध चालू होतं. नाझींनी जर्मनीतल्या बेर्गन-बेल्झन नावाच्या छळछावणीत हजारो यहुदी कोंडले होते. त्यांत हॉलंडमधून धरून आणलेली कुटुंबं होती, त्यांचे राब्बीही होते. पेसाह आला. मत्सा कुठून आणणार? मिळायचा तो पावाचा तुकडा, तोही अपुरा. पाव म्हणजे आंबवलेलं, आणि सणात ते निषिद्ध. काही भाविक पाव नाकारून उपाशी राहणार, हे दिसत होतं. त्या उपासमारीत आठ दिवस पाव सोडणं म्हणजे मरण.

राब्बींनी विचार केला आणि सांगितलं, पाव खा. नुसती परवानगी दिली नाही, पाव खाण्यापूर्वी म्हणायची एक प्रार्थनाच तयार केली. तिचा आशय असा होता, की देवा, मत्सा खावी आणि आंबवलेलं टाळावं हीच आमची इच्छा आहे हे तू जाणतोस. पण आम्ही गुलामीत आहोत आणि जीव धोक्यात आहे. आज्ञा पाळून माणसानं जगावं, असं तूच सांगितलं आहेस. ती जगण्याची आज्ञा आम्ही पाळत आहोत. आम्हाला जिवंत ठेव आणि लवकर सोडव, म्हणजे तुझ्या आज्ञा आम्ही मनापासून पाळू. त्या राब्बींपैकी आरोन डाविड्स हे १९४५ साली त्याच छावणीत वारले. त्यांना पुढचा सण दिसला नाही. पण त्यांनी पाव खायला लावलेल्या काही जणांना दिसला.

आता लक्षात आलं? ज्या लोकांनी अंगठ्याच्या चार मिलिमीटरांवर शतकानुशतकं वाद घातला, त्यांनीच वेळ आली तेव्हा सगळं माप बाजूला ठेवलं. मापाची किंमत त्यांना नव्हती असं नाही. माप कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं. माप फळांत सांगितलं ते प्रत्येकाला, अगदी गरिबालाही, घरच्या घरी समजावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उभं केलं. म्हटलं, “काल तू विचारलंस ना, कोणाची मूठ? उत्तर असं, की जी वाढते तिची. ती आपल्या घरातली तोंडं ओळखते.” तो जरा विचार करून म्हणाला, “पण बाई, दुकानात तेल घ्यायला जाऊ तेव्हा लिटरच हवा हं!”

बरोबर आहे. दुकानात लिटर, घरात मूठ. दोन्ही मापं आपापल्या जागी खरी.

करून पाहा : आईला विचारून घरातलं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान अंडं घ्या. (घरात अंडी चालत नसतील तर दोन लिंबं घ्या. लिंबू तरंगलं तर काडीनं अलगद दाबून पूर्ण बुडवा.) एक भांडं काठोकाठ पाण्यानं भरा, खाली ताट ठेवा. दोन्ही हळूच पाण्यात सोडा. सांडलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजा आणि दोननं भागा. मग घरातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याची रुंदी पट्टीनं मोजा आणि २ गुणिले २ गुणिले २.७ चा हिशेब करा. आजोबांचा खोका मोठा येतो की तुमचा? वहीत लिहून ठेवा. आणि शेजारी राब्बी योसेंची शंकाही लिहायला विसरू नका!